'कंडेम करू नका' हे मराठीत कसं सांगायचं?

प्रश्न असा आलाय की चर्चच्या तरुण संघापुढे बोलायचंय, विषय आहे आपला विश्वास दुसऱ्याला सांगताना त्याला कंडेम करू नका, लव्हने सांगा. तर कंडेमला 'निषेध' म्हणू का 'धिक्कार', आणि लव्हला 'प्रेम' का 'प्रीती'?

आधी निषेध आणि धिक्कार दोन्ही खोडून टाका. निषेध भाववाढीचा होतो, काळ्या फिती लावून होतो, शेजारच्या काकूंचा निषेध कोणी करत नाही. धिक्कार घोषणेतच बरा. मराठी बायबलमध्ये 'दंडाज्ञा' आहे, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात अगदी सुरुवातीला, आणि तिथे तो चपखल बसतो कारण तिथे बोलणंच देवाच्या न्यायासनाचं चाललंय. पण आपण माणसं एकमेकांना दंडाज्ञा देत नाही, तेवढा अधिकारच नसतो, आपण काय करतो तर दोष काढतो.

आणि गंमत म्हणजे तुम्हाला हवा तो शब्द हाच आहे, तुमच्याच पुस्तकात पडून आहे. बायबलमधलं मत्तय ७:१. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद आहे 'क्रिनो', म्हणजे न्याय करणे, निवाडा करणे. हल्लीची पोरं 'मला जज करू नकोस' म्हणतात तेच. आपल्याकडच्या जुन्या प्रचलित भाषांतरात तिथे 'न्याय करू नका' असं नाहीये, 'दोष काढू नका' असं आहे. शब्दशः 'न्याय करू नका' लिहिलं असतं तर मराठी माणूस बुचकळ्यात पडला असता, न्याय करणं तर चांगलं ना! हिंदीत त्याच ठिकाणी 'दोष मत लगाओ'. हिंदीत दोष लावतात, मराठीत काढतात. खोड काढणे, उणंदुणं काढणे, चूक काढणे, भांडणात एकमेकांचं माहेर काढणे, ही सगळी त्याच घरातली मंडळी, म्हणजे समोरच्याच्या आत हात घालून काहीतरी शोधून बाहेर ओढायचं आणि चारचौघांत दाखवायचं. विश्वास सांगायला गेलेला माणूस जेव्हा 'तुमच्या घरात हे असलं चालतं म्हणूनच तुमचं असं होतं' म्हणतो तेव्हा तो नेमकं हेच करत असतो. दोन ओव्यांनी पुढे (तुमच्यात वचन म्हणतात, सवयीने ओवी लिहून गेलो) कुसळ आणि मुसळ येतं. ग्रीकमध्ये तिथे बारीक काडी आणि घराची तुळई आहे, मराठीत कुसळाला जोडीला मुसळ मिळालं, यमकही जुळलं आणि म्हण तर काय घरोघरी आहेच.

आता प्रेम की प्रीती. चर्चमध्ये 'प्रीती' रुळलेला आहे, शेजाऱ्यावर प्रीती करा, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय अख्खा प्रीतीचा, आणि ग्रीक 'अगापे'ला, म्हणजे निरपेक्ष प्रेमाला, तो पिढ्यानपिढ्या वापरला गेल्यामुळे आतल्या माणसाला त्यात बरोब्बर तो अर्थ ऐकू येतो. बाहेरच्याला नाही. बाहेर प्रीती म्हणजे एक तर मुलीचं नाव नाहीतर जुनं भावगीत. म्हणून तरुण संघापुढे खुशाल प्रीती म्हणा, पण ती मुलं पुढे ज्यांच्याशी बोलणार त्यांच्यासाठी दुसरा शब्द लागेल. आणि 'प्रेमाने सांगा' म्हणावं तर त्यातही एक खड्डा आहे, आपल्याकडे 'प्रेमाने सांगतोय तोवर ऐक' ही सरळ सरळ धमकी असते! लहानपणी ज्याने ज्याने हे ऐकलंय त्याला पुढचा धपाटा आठवतो. त्यापेक्षा 'आपुलकीने' बरा, त्याच्यामागे धपाटा येत नाही. (कोकणीभाषक ख्रिस्ती लोकांचं काम सोपं आहे, त्यांच्याकडे प्रेमाला 'मोग' आहे.)

तुम्ही न विचारलेला पण मला सगळ्यात आवडणारा शब्द म्हणजे 'साक्ष'. मी स्वतः ख्रिस्ती नाही, पण नगरला आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या, त्या रविवारी म्हणायच्या 'आज साक्ष द्यायची आहे', आणि मला वाटायचं यांची कोर्टात केस आहे. संस्कृतात स म्हणजे सह आणि अक्ष म्हणजे डोळा, त्यावरून साक्षी, डोळ्यांनी पाहिलेला. ग्रीकमध्ये साक्षीदाराला 'मार्तुस', त्यावरूनच पुढे इंग्रजी मार्टर आला, मल्याळममध्ये तर हुतात्म्याला 'रक्तसाक्षी'च म्हणतात. कोर्टात साक्षीदाराचं काम एवढंच की आपण काय पाहिलं, आपल्यावर काय गुदरलं ते सांगायचं, शिक्षा सुनावायला तिथे वेगळा माणूस बसलेला असतो. साक्षीदार पिंजऱ्यातून उठून खुर्चीत जाऊन बसला की त्याची साक्ष राहिली बाजूला. भाषणात हे एवढं जरी सांगितलंत तरी अर्धं काम झालं.

मराठीतलं उदाहरण हवं असेल तर कवी टिळक. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं कशी गेली आणि सोवळंओवळं मनातून कसं सुटत गेलं ते बाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात स्वतःच सांगितलंय, वाचलं नसेल तर भाषण पुढे ढकला आणि आधी ते वाचा.

आणखी एक, पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:१५ ला, कोणी तुमच्या आशेबद्दल विचारलं तर उत्तर कसं द्या, तर 'सौम्यतेने व भीडस्तपणाने'. मूळ ग्रीक शब्द 'फोबोस', म्हणजे भीती, धाक. मराठीत भीड! मोठ्यांची असते, पाहुण्यांची असते ती भीड. आणि मुळात कोणी विचारल्यावर द्यायच्या उत्तराबद्दल ते वाक्य आहे, न विचारता दार वाजवून दिलेल्या उत्तराबद्दल नाही.

तर शीर्षक असं काहीतरी करा, 'साक्ष द्या, दोष काढू नका'. 'सप्रेम साक्ष' वगैरे मात्र अजिबात नको, स्टीलच्या डब्यावर कोरलेलं 'सप्रेम भेट' आठवतं.