वडिलांना कोलिस्टिन चालू आहे, डोस कमी करायला सांगू का?

तुम्ही लिहिलंय की वडील नांदेडला व्हेंटिलेटरवर आहेत, कल्चरमध्ये (जंतूच्या तपासणीत) क्लेबसिएला हा जंतू आलाय, एक कोलिस्टिन हे अँटिबायोटिक सोडलं तर रिपोर्टमधलं कुठलंच औषध चालत नाही, आणि किडनी जाईल या भीतीनं डोस कमी करायला सांगावं असं घरच्यांना वाटतंय. कृपा करून सांगू नका. मी लातूरला आयसीयूत डॉक्टर आहे. नातेवाइकांच्या सगळ्या विनंत्यांमध्ये मला हीच सगळ्यात धोक्याची वाटते.

भीती खोटी नाही. 1949 साली जपानमध्ये सापडलेलं हे औषध किडनी आणि नसांवरच्या परिणामांमुळेच नंतर मागं पडलं. दुसरं काही लागू पडेना, तेव्हा परत काढावं लागलं. पण किडनीला झालेला त्रास बहुतेक वेळा औषध थांबवल्यावर भरून निघतो. अपुऱ्या डोसातून वाचलेला जंतू मात्र नंतर याच औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

शिरेतून जातं ते कोलिस्टिमेथेट. त्याचं कोलिस्टिन शरीरात हळूहळू तयार होतं. म्हणून मोठ्या माणसाला पहिला डोस भरभक्कम, साधारण 90 लाख युनिट, किडनी आधीच कमजोर असली तरी. तो चुकला तर रक्तात पुरेसं औषध साठायला दोनेक दिवस जातात, आणि सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या) पेशंटला तेवढी सवड नसते. किडनीचा हिशोब धरायचा तो पुढच्या डोसांत. त्यासाठी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीचं माप रोज बघतात. तेवढं तुम्ही रोज विचारत जा.

इंजेक्शन बाहेरून आणायला लावलं तर चिठ्ठीवरचे आणि व्हायलवरचे (औषधाच्या बाटलीवरचे) युनिट जुळवून घ्या. 10 लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमेथेटचे सुमारे 80 मिलिग्रॅम, पण कोलिस्टिनमध्ये मोजले तर 30च्या आसपास. इथं गल्लत झाली तर डोस अडीचपट होऊ शकतो.

सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम हे दुसरं अँटिबायोटिक, गरज पडल्यास ॲझट्रिओनाम या आणखी एकासोबत, चालेल का हेही विचारा. महाग आहे, पण किडनीला सौम्य.

आणखी एक. आपल्याकडे कंबर-गुडघे धरले की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक हे किडनीला जड जाणारं पेनकिलर घेऊन माणूस पुन्हा रानात जातो. कोलिस्टिनआधी किडनीवर असा मार बसलेला असेल, तर डॉक्टरांना तो माहीत हवा. वडिलांनी अलीकडे अशा गोळ्या किंवा सुया घेतल्या असतील तर आजच्या राऊंडला सांगा, घरी पाकीट सापडलं तर तेही दाखवा.