एफडी मोडू नका, आधी मालकी कागदावर आणा

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने दोन वर्गमित्रांसोबत संत्र्याच्या फोटोवरून प्रतवारी सांगणारं अ‍ॅप बनवलं. त्यासाठी काटोलकडच्या बागांमधून आणि कळमना मार्केटमधून हजारो फोटो जमवले. कॉलेजच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाकला. आता एक एजन्सी म्हणते, ‘लगेच पेटंट घ्या, नाहीतर कुणीतरी चोरेल.’ साठ हजार मागतात. मी एफडी मोडायला तयार आहे. मिहानमधल्या एका कंपनीचं ऑफर लेटरही आलंय. त्यात नोकरीतलं सगळं काम कंपनीच्या मालकीचं, असं कलम आहे. मुलगी म्हणते, मला कोडिंगपेक्षा हे पेटंटचंच काम आवडायला लागलंय. काय करावं?
— एक आई, नंदनवन, नागपूर

ताई, नमस्कार.

एफडी मोडू नका. त्या एजन्सीला एवढंच विचारा, की पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मधून हे अ‍ॅप कसं सुटणार, ते लेखी द्याल का? १९७० च्या कायद्यातल्या या कलमानुसार नुसता संगणक प्रोग्राम, अल्गोरिदम, गणिती पद्धत किंवा धंद्याची पद्धत यांना भारतात पेटंट मिळत नाही. सॉफ्टवेअरला दार पूर्ण बंद आहे असंही नाही. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की शोधातून तांत्रिक परिणाम साधत असेल, तर केवळ तो प्रोग्रामवर चालतो म्हणून अर्ज नाकारता येत नाही. उद्या मुलीने फिरता पट्टा, प्रकाशयोजना आणि कॅमेरा यांची काही नवी जुळणी केली, तर विचार जरूर करता येईल. मोबाइलवर फोटो काढून प्रत सांगणाऱ्या अ‍ॅपकडून मात्र मला फार आशा वाटत नाही.

त्यात शोध आधीच उघड झालाय. पेटंटसाठी अर्जाच्या तारखेला शोध नवा असावा लागतो. प्रदर्शनासाठी कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती. कॉलेजचा टेकफेस्ट त्यात बसत नाही, आणि गिटहबवरचा खुला कोड तर जगासमोर आहे. मुलांना कॉलेजात हे कुणीच सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आधी अर्ज करायचा, मग मंचावर जायचं. सुरुवातीचा प्रोव्हिजनल अर्ज एकट्या व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपयांत करता येतो, संपूर्ण तपशील द्यायला पुढे बारा महिने मिळतात. पुढच्या कल्पनेच्या वेळी हे लक्षात ठेवा.

म्हणून काम उघड्यावर पडलंय असं समजू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कोड लिहिला की हक्क निर्माण झाला. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून कामी येते आणि तिचं शुल्क ५०० रुपये आहे. मर्यादा एवढीच, की कॉपीराइट लिहिलेल्या कोडला मिळतो, कल्पनेला नाही. दुसऱ्या कुणी स्वतःचा कोड लिहून प्रतवारीचं अ‍ॅप काढलं, तर त्याला अडवता येणार नाही.

माझ्या मते तुमच्या मुलीची खरी कमाई ते फोटो आहेत. आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांतली फळं, आणि कळमन्यातल्या जाणत्या माणसांनी प्रत्येक फोटोला दिलेली प्रत! कोड कुणीही पुन्हा लिहील, हा साठा जमवायला हंगाम जावे लागतात. तो गिटहबवर नसेल तर तिथे टाकू नका. कुणाला दाखवायचाच असेल, तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. व्यवसायातल्या गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, भिस्त कराराच्या कागदावरच असते. शिवाय मुलांनी इंटरनेटवरून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीचा, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचा, परवाना तपासा. एमआयटी परवान्याची असेल तर फारसा प्रश्न नाही. जीपीएल परवान्याची असेल, तर अ‍ॅप इतरांना देताना स्वतःचा कोडही खुला करावा लागू शकतो.

आता ऑफर लेटर. ते कलम बघून घाबरू नका. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा, हे कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. वेगळा करार नसेल तर तसंच धरलं जातं. नोकरीआधी केलेलं काम मात्र तिचं आणि तिच्या मित्रांचं. सही करण्यापूर्वी तिने एचआरला ईमेल करावा : अमुक नावाचं अ‍ॅप मी रुजू होण्याआधी या दोघांसोबत बनवलं आहे, त्याची नोंद करारासोबतच्या परिशिष्टात करावी. यात उद्धटपणा काही नाही, अनेक कंपन्यांच्या करारात त्यासाठी रकानाच असतो. रुजू झाल्यावर ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या वेळेत अ‍ॅपला हात लावू नये. बाहेरचं काम करायला मनाई करणारं कलम आहे का, तेही बघावं.

तिच्या आवडीबद्दल वाचून मला मनापासून आनंद झाला. पेटंट एजंट, म्हणजे इतरांच्या वतीने पेटंटचं काम बघणारी व्यक्ती, व्हायला वकील असावं लागत नाही. भारतीय नागरिकत्व, वय एकवीस पूर्ण, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा, एवढं पुरतं. दोन लेखी पेपर, मग तोंडी. सरकारी नोकरी हवी असेल तर पेटंट परीक्षकाची पदं निघतात. त्या परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरातच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे : राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था. व्हीएनआयटी या इथल्याच अभियांत्रिकी संस्थेतल्या मुलांनाही कधीकधी तिचा पत्ता ठाऊक नसतो. मुलीने तिथे जाऊन बाहेरच्यांसाठी कोणते प्रशिक्षणवर्ग आहेत, ते विचारावं.

ही आवड टिकाऊ आहे की प्रदर्शनानंतरचा उत्साह, हे ओळखायचा एक उपाय सांगतो. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले अर्ज, परीक्षकांचे आक्षेप आणि अर्जदारांची उत्तरं फुकट वाचता येतात. कलम ३(के) खाली आक्षेप घेतलेले सॉफ्टवेअरचे काही अर्ज तिने काढावेत. आधी फक्त आक्षेप वाचावा, स्वतः उत्तर लिहावं, मग खरं उत्तर उघडून ताडून बघावं. भाषा रूक्ष आहे, एकेका वाक्यावर तास जातो. त्यात ती रमली तर तिची वाट ठरली. जोडीला वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा) डीएल-१०१ हा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे.

तरीही नोकरी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअरच्या पेटंटचा मसुदा लिहिणाऱ्याने दोनएक वर्षं खरं सॉफ्टवेअर बांधलेलं असेल, तर त्याच्या लिखाणाला वजन येतं. एजंटची परीक्षा नोकरी सांभाळून देता येते. एलएलबीचा विचार त्यानंतर करू.

सगळ्यात घाईचं काम राहिलं. तिघा मित्रांमध्ये लेखी काहीच नाही, असं मी धरून चालतो, कारण बहुतेक वेळा नसतंच. सामाईक कॉपीराइट असला, तर एकट्याने तिसऱ्याला परवाना देता येत नाही, सगळ्यांची संमती लागते. उद्या एखादा व्यापारी अ‍ॅप विकत घ्यायला आला आणि एक मित्र परदेशात असला, तर व्यवहार तिथेच अडेल. तिघांचा हिस्सा, फोटोंची मालकी, कुणी बाहेर पडला तर काय, हे एका करारात लिहा. कुणी आपला हक्क दुसऱ्याला देणार असेल तर मुदत आणि प्रदेश स्पष्ट घाला. न घातल्यास कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण असेल तर तेही मागून घ्या, प्रयोगशाळा किंवा निधी वापरला असल्यास त्यांचा वाटा निघू शकतो. एखाद्या वकिलाकडून मसुदा तपासून घ्या आणि शेवटची परीक्षा होऊन मुलं पांगण्याआधी तिघांच्या सह्या घ्या.