पेनड्राइव्हवरच्या अल्पाइन लिनक्समध्ये ॲशऐवजी बॅश डिफॉल्ट कसं करायचं?

शाळेतल्या जुन्या मशिनींसाठी तुम्ही पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चालणारी अल्पाइनची इमेज केलीय, त्यात ॲश या मूळ शेलऐवजी (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) बॅश हवंय, आणि त्यासाठी एसएच ही सिस्टिमचा शेल ठरवणारी लिंकच बॅशकडे वळवू का, असं विचारलंय. त्या लिंकला हात लावू नका. मशीन सुरू होतानाच्या स्क्रिप्टा तिच्यावर चालतात. ती लिंक जाते बिझीबॉक्सकडे (ॲशसकट बऱ्याच छोट्या कमांड एकत्र असलेला प्रोग्राम), ज्याला मसल ही सीची मूळ लायब्ररी सोडून दुसरी लायब्ररी लागत नाही; बॅशला रीडलाइन आणि एनकर्सेसही लागतात. डेबियननेही २०११च्या स्क्वीझपासून एसएच बॅशऐवजी डॅश या छोट्या शेलकडे दिलं.

तुम्हाला बदलायचंय ते लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन केल्यावर उघडणारा शेल. आधी अल्पाइनच्या पॅकेज मॅनेजरनं बॅश बसवा: 'एपीके ॲड बॅश'. मग ईटीसीमधल्या पासडब्ल्यूडी फाइलमध्ये त्या युजरच्या ओळीचा शेवटचा, सातवा रकाना बदला. शेल बदलणारी सीएचएसएच कमांड शॅडो पॅकेजातून येते, पण एका ओळीसाठी व्हीआय पुरे. रूट, म्हणजे ॲडमिन युजर, मात्र ॲशवरच राहू द्या.

हे इतकं बजावतोय कारण वाळपईच्या एका वाचनालयात पाच मशिनींवर मी रूटसकट सगळ्यांना बॅश दिलं होतं. जूनमध्ये पाऊस लागला, नेट गेलं आणि एकाही मशीनवर लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिनच समोर. टायपिंग शिकायला येणारी मुलं दोन दिवस तशीच परत गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

झालं होतं असं: रॅममध्ये चालवायच्या या पद्धतीत पॅकेजं मशीन सुरू होताना दर वेळी नव्यानं बसतात. बदल पेनड्राइव्हवर साठवणाऱ्या 'एलबीयू कमिट'नं ईटीसी फोल्डर जपलं जातं, म्हणजे बॅशचं नाव राहिलं. खुद्द बॅश मात्र दर वेळी नेटवरून येत होतं. फोंड्याहून भर पावसात गेलो, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, कमिटनं जपलेल्या सेटिंगांची एपीकेओव्हीएल ही टार फाइल उघडून रूटची ओळ पूर्ववत केली, तेव्हा कुठे आत शिरता आलं.

म्हणून 'सेटअप-एपीकेकॅश' चालवून पॅकेजांची कॅश पेनड्राइव्हवरच ठेवा, 'एपीके कॅश डाउनलोड' करा आणि मगच कमिट. नंतर नेटची केबल काढून एकदा रीबूट करून बघा. शाळेत नेण्याआधी, घरीच. आणि होम फोल्डर आपोआप जपलं जात नाही. मुलांसाठी बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगांच्या फाइलीत काही लिहिलं असेल, तर ती फाइल 'एलबीयू इन्क्लूड'नं जोडून पुन्हा कमिट करावं लागेल.