वाचकांचे प्रश्न : फीड तेच, मग वजन का अडलं?

प्रश्न : सर नमस्कार, शिरूरजवळ माझं छोटं वराहपालन आहे. यॉर्कशायरची 20 पिल्लं, आता चार महिन्यांची झालीत. एप्रिलपासून वजन अडल्यासारखं झालंय, दुपारी गव्हाणीत खाद्य तसंच पडून असतं. दोनदा फीड बदललं, जंताचं औषध पण दिलं. पत्र्याचं शेड आहे, 10 बाय 12 फुटांची एकच खोली. आता एकमेकांच्या शेपट्या चावायला लागलीत, काय करू?

उत्तर : दादा, फीड बदलणं आधी थांबवा. डुकराला घाम जवळपास येतच नाही, त्यामुळे आपल्याकडच्या 38-40 डिग्रीत तापलेल्या पत्र्याखाली ते एकतर ओल्यात लोळणार नाहीतर खाणं कमी करणार, कारण खाल्लेलं पचवताना पण अंगात उष्णता तयार होते. साधारण 25 डिग्रीच्या पुढे गेलं की मोठ्या डुकराचं खाणं उतरायला लागतं, आणि जे काही खातं ते पहाटे नाहीतर रात्री. एकदा रात्री दहाला बॅटरी घेऊन शेडमध्ये जाऊन बघा, गव्हाणीपाशी ढकलाढकली चालू असेल तर फीड चांगलंच आहे. फीड पहाटे आणि संध्याकाळी सातनंतर टाका, दुपारचं बंद.

पत्र्यावर उसाचं पाचट जाड अंथरा. डुकरांच्या अंगावर पाणी सतत मारत बसू नका, थोडं मारायचं, अंग वाळू द्यायचं, मग परत. गारवा वाळण्यातून येतो, म्हणून हवा खेळती पाहिजे, नुसतं बंद शेडमध्ये फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारा) लावला तर दमटपणाच वाढतो.

आता जागेचं. 120 चौरस फुटांत 20 म्हणजे एकाला 6 फूट. आपल्याकडे तीन ते पाच महिन्यांच्या डुकराला 10 ते 13 चौरस फूट आच्छादित जागा धरतात, म्हणजे तुमच्या खोलीत फार तर 12. गरमीत डुकरं एकमेकांना अंग न लावता पसरून झोपतात, तेवढी जागाच नाही म्हटल्यावर काही जण शेणामुतात झोपतात आणि कोरड्या जागी घाण करतात. (डुक्कर घाणेरडं असतं म्हणणाऱ्यांनी मोकळ्या जागेत ठेवलेलं डुक्कर बघावं, झोपायची आणि हगायची जागा ते वेगळी ठेवतं.) घाणीतून अमोनिया उठतो, डोळे चुरचुरतात, भूक आणखी कमी होते. शेपट्या चावायचं मूळ पण बरंचसं या गर्दीत. आठ-नऊ जणांना वेगळ्या खोलीत हलवा, चावणारं आणि जखमी झालेलं दोन्ही बाजूला काढा आणि चघळायला भाताचा पेंढा टाका.

आणि डुकरं ज्यातून पाणी पितात ते नळाचं निपल तपासा! एक लिटरची बाटली निपलखाली धरा, मिनिटभरात भरली पाहिजे. काळा पाइप पत्र्यावरून आणला असेल तर दुपारी त्यातून जवळपास चहाचंच पाणी येतं, ते कोण पिणार, आणि पाणी कमी गेलं की फीडही कमी जातं.

एक मात्र, ताप असेल, कान-पोट लाल-निळसर दिसत असेल किंवा अचानक मर झाली तर हे सगळं सोडून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 पासून देशात आहे आणि त्यावर उपचार नाही.

प्रश्न : एकेकट्याला वेगळं ठेवलं तर वजन लवकर वाढतं म्हणे, खरंय का? (दौंड)

उत्तर : बऱ्याच अंशी खरंय. एकटं डुक्कर थोडं थोडं बरेचदा खातं. कळपात तेच कमी वेळा येतं पण एका बैठकीत जास्त आणि भराभर खातं, आणि दबलेल्याला शेवटी उरलंसुरलं मिळतं. पण कळपातलं जनावर एकटं डांबणं मला पटत नाही आणि जागेचा खर्चही परवडत नाही. त्यापेक्षा गव्हाणीची लांबी वाढवा, सारख्या वजनाचे गट करा आणि एकदा केलेला गट मोडू नका. नवीन डुक्कर आत सोडलं की एक-दोन दिवस नुसती मारामारी चालते, खाण्याकडे कोणाचं लक्ष नसतं. सोडायचंच असेल तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडा.