फर्मवेअर 'भरणे' आणि मायक्रोकोड 'चढवणे'

सांगलीतील विश्रामबागेच्या एका शाळेत संगणक कक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकांनी विचारले आहे की, तेथील लिनक्स संगणकांच्या नोंदवहीत 'बायोस मारला', 'फर्मवेअर टाकले' आणि 'मायक्रोकोड बदलला' असे तिन्ही प्रयोग एकाच अर्थाने लिहिले जातात, ते चालावे काय आणि या शब्दांना मराठी प्रतिशब्द योजावेत काय.

प्रतिशब्दांची गरज मला वाटत नाही. 'सॉफ्टवेअर'प्रमाणे 'फर्मवेअर' नपुंसकलिंगी आणि 'कोड'प्रमाणे 'मायक्रोकोड' पुल्लिंगी, असे ते सहज चालतात. क्रियापद मात्र जपून निवडावे, कारण या दोन कामांतील फरक तेच सांगते.

मदरबोर्डचे फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू करून देणारे बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर, ज्याला यूईएफआय या नव्या प्रकाराच्या काळातही आपण सवयीने बायोस म्हणतो, बोर्डावरील फ्लॅश चिपमध्ये लिहिले जाते आणि वीज बंद केली तरी तेथेच राहते. लिनक्सवर एफडब्ल्यूअपडी ही सेवा, उत्पादकाने ती सोय दिली असेल तर, नवी आवृत्ती उतरवून घेते. प्रत्यक्ष लेखन संगणक पुन्हा सुरू होताना, लिनक्स चालू होण्याआधी होते. त्या वेळी वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. या कायमच्या बदलाला 'भरणे' शोभते. 'बायोस मारणे' हे 'फॉरमॅट मारणे'च्या जातीचे बोलीतील रूप आहे. दुकानात ते खटकत नाही, पण नोंदवहीत नको.

मायक्रोकोड हा प्रोसेसरच्या आतला, एखादी आज्ञा कशी पार पाडायची हे ठरवणारा थर. त्याची सुधारित आवृत्ती प्रोसेसरमध्ये टिकत नाही, वीज गेली की पुसली जाते, म्हणून दर वेळी ती नव्याने 'चढवावी' लागते. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधील सुरक्षादोष उघड झाल्यावर त्यावरील उपायांपैकी काही याच मार्गाने आले.

गोंधळाला कारण आहे. बोर्डाचे फर्मवेअरही आपल्याजवळचा मायक्रोकोड सुरुवातीलाच चढवते, आणि लिनक्सकडे त्याहून नवा असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो वर चढवतो. त्यातच लिनक्समध्ये मायक्रोकोडच्या फायली 'फर्मवेअर' नावाच्याच फोल्डरात असतात, आणि 2023 च्या डेबियन 12 या लिनक्स आवृत्तीपासून त्याची पॅकेजेसही मुक्त नसलेल्या फर्मवेअरच्या वेगळ्या विभागात ठेवली आहेत. इतिहासही या सरमिसळीच्याच बाजूचा आहे: संगणकतज्ज्ञ ॲशर ऑप्लर यांनी 1967 मध्ये 'फर्मवेअर' हा शब्द मांडला तो मायक्रोकोडलाच उद्देशून, बोर्डावरील प्रणालीला तो पुढे लागला. तरीही आजच्या नोंदीत दोन्ही वेगळे ठेवणेच हिताचे, कारण मायक्रोकोडचे पॅकेज काढून टाकले तर पुढील सुरुवातीला मायक्रोकोड बोर्डाने दिलेल्या आवृत्तीवर परत जातो, फर्मवेअर मात्र जसेच्या तसे राहते.

म्हणून नोंद अशी करावी: 'मदरबोर्डमध्ये नवे फर्मवेअर भरले' आणि 'मायक्रोकोडचे पॅकेज बसवले; संगणक पुन्हा सुरू केल्यावर नवा मायक्रोकोड चढला'. दुसऱ्या नोंदीपुढे प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूइन्फो (/proc/cpuinfo) या फायलीतील 'मायक्रोकोड' ओळीतला आवृत्तिक्रमांक अवश्य लिहावा.