चार वाजले की खाटेखाली

इंदूरच्या राजेंद्र नगरातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ६३, शाळेतून निवृत्त. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, मुलगा बंगळुरूला. घरात त्या आणि पंधरा वर्षांची मांजर चिमी. दिवाळीनंतर चिमी सारखी पाण्याच्या बादलीपाशी दिसू लागली, वजन ३.८ किलोवरून २.९ वर आलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ३.६. डॉक्टरांनी किडनीचा जुनाट आजार सांगितला आणि दिवसाआड १०० मिली सलाईन कातडीखाली द्यायला शिकवलं. त्या लिहितात:

"माझा हात थरथरतो. दोनदा सुई आरपार गेली आणि सगळं पाणी तिच्या केसांवर सांडलं. आता चार वाजले की ती यांच्या खाटेखाली जाऊन बसते. जन्मभर माझ्या पायात पायात करणारी मांजर मला पाहून पळून राहिली आहे. मुलगा म्हणतो, आई, सोडव आता तिला. दूध-पोळीवर वाढवली म्हणून हे झालं का? आणि मी तिला तिच्यासाठी ठेवते आहे की माझ्यासाठी?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या खाटेपाशीच अडकले. बाकीच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी चार वाजताचं बघू. कारण ते सुटलं नाही तर बाकी कशाचाच नीट विचार होणार नाही.

चिमी सुईपेक्षा सुईआधीच्या दहा मिनिटांना जास्त घाबरते, असं मला वाटतं. तुम्ही दारं लावता, टॉवेल काढता, बाटली लटकवता आणि मग तिला शोधायला निघता. मांजराला घड्याळ कळत नसलं तरी घरातलं माणूस श्वास रोखून चालायला लागलं की ते त्याला बरोबर कळतं. म्हणून तिला सलाईनपाशी आणू नका, सलाईनच तिच्यापाशी न्या. दुपारी ती जिथे झोपते, तिथल्या खिडकीच्या गजाला सकाळीच एक हुक अडकवून ठेवा. वेळही बदला. तुमचं जेवण झालं, ती पेंगुळली, की तिथेच शेजारी मांडी घालून बसा.

बाटली आधी पातेल्यातल्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब पाडून बघा, तान्ह्या बाळाचं दूध बघतो तसं. बरीच मांजरं दचकतात ती गार पाण्याने. सुई दर वेळी नवी. डॉक्टरांना विचारून २० नंबरची घ्या. १८ पेक्षा बारीक असते, वेळ थोडा जास्त लागतो, पण टोचणं कमी.

आता आरपार जाण्याबद्दल. वाळलेल्या मांजराची कातडी पातळ होते. आपण ती चिमटीत उंच धरतो आणि सुई आडवी घालतो, मग ती पलीकडून बाहेर येणारच. दोन खांद्यांमधली कातडी हलकेच उचला, म्हणजे तुमच्या बाजूला छोट्या राहुटीच्या दारासारखी एक पोकळी होईल. सुई त्या पोकळीत, पाठीला समांतर, डोक्याच्या दिशेने सरकवा. तिरकं कापलेलं टोक वर असू द्या. हात बसेपर्यंत टॉवेलच्या जाड घडीवर रोज सराव करा. बाटलीवरच्या खुणेप्रमाणे १०० मिली उतरलं की नळीवरचा रोलर बंद करा, सुई काढा आणि त्या जागी बोट मिनिटभर दाबून ठेवा. तिथे मऊ फुगवटा येईल, कधी तो घसरून पुढच्या पायाकडे उतरेल. ते पाणी काही तासांत अंगात जिरतं, घाबरू नका. निम्मं सांडलं तर सांडलं, त्या दिवशी पुन्हा टोचू नका. ते चालू असतानाच तिच्या आवडीचं काही बोटाने चाटवत राहा.

एक सांगून ठेवते. दुकानदाराने चुकून डीएनएस, म्हणजे साखर घातलेली बाटली दिली तर ती कातडीखाली द्यायची नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं नाव बाटलीवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आणि ती गाढ झोपली असताना पोटाची हालचाल मिनिटभर मोजत जा. श्वास तिसाच्या वर जायला लागले तर सलाईन थांबवून लगेच डॉक्टरांना फोन. हृदय कमजोर असलं तर हेच पाणी छातीत साठतं.

इतकं करूनही हात थरथरला, तर डॉक्टरांच्या कंपाउंडरला दिवसाआड घरी यायला विचारा. टोचणारा हात दुसऱ्याचा आणि खाऊ देणारा तुमचा, ही वाटणी मला तर फार आवडते.

दूध-पोळीचा सल मनातून काढून टाका. म्हातारपणी मांजरांची किडनी जाणं फार सर्रास आहे, आणि बहुतेक वेळा मूळ कारण सापडतच नाही. मांजर मूळचं कोरड्या, रखरखीत मुलखातलं जनावर. थोड्या पाण्यात भागवायचं, लघवी घट्ट करायची, हे काम त्या एवढ्याशा किडन्या जन्मभर करत असतात. ती ताकद हळूहळू जाते, आणि जवळजवळ दोनतृतीयांश गेल्यावर जास्त पाणी पिणं, जास्त लघवी हे दिसायला लागतं. म्हणजे तुम्ही बादलीपाशी तिला पाहिलंत तेव्हा वर्षानुवर्षांचं नुकसान झालेलं होतं. नुसत्या दूध-पोळीवर मांजराचं भागत नाही हे खरं. त्याला मांसातलं टॉरिन लागतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. पण चिमी डब्यातलं कोरडं खाणंही खायची असं तुम्हीच लिहिलं आहे. तिच्या किडनीचं खापर तुमच्या दुधावर फोडता येत नाही. आता मात्र दूध बंद करा. त्यातलं फॉस्फरस तिला जड आहे, आणि जुलाब झाले तर अंगातलं उरलंसुरलं पाणी जाईल.

किडनीसाठी वेगळं मिळणारं खाणं दोन-तीन आठवडे जुन्यात मिसळत मिसळत सुरू करा, थोडं कोमट करून, म्हणजे वास येतो. नाहीच खाल्लं तर हट्ट नको, जे खाईल ते द्या. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढू शकते, ते नवीनच दुखणं. मळमळीवर आणि भुकेवर औषधं आहेत, ती मागून घ्या. तुमच्या घरात अंडं चालत असेल तर उकडलेला पांढरा भाग अधूनमधून चालेल, पिवळा नको.

पाण्याला कधीच आडकाठी करू नका. लघवी फार होते म्हणून वाटी उचलून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या मांजरांचे फार हाल होतात. नर्मदेचं पाणी यायच्या दिवशी नळाची बारीक धार तिच्यासाठी थोडा वेळ सोडा, खाली बादली ठेवून. वाहतं पाणी बऱ्याच मांजरांना आवडतं. उन्हाळा तोंडावर आहे, तेव्हा कूलरच्या वाऱ्यात एक आणि खाटेजवळ एक अशा पसरट वाट्या भरलेल्या असू द्या.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी तीन गोष्टी मुद्दाम विचारा: रक्तदाब, पोटॅशियम, फॉस्फरस. किडनीच्या मांजरांचा रक्तदाब वाढून एका रात्रीत दृष्टी जाऊ शकते, आणि त्यावर साधी गोळी आहे. पोटॅशियम उतरलं तर मान खाली लोंबायला लागते, मागचे पाय लटपटतात. आपण त्याला म्हातारपण म्हणून सोडून देतो. इथे सोय नसेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब नाही. तापाची, दुखण्याची आपली गोळी मात्र अर्धीसुद्धा देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं. किडनी साफ करणारा कुणाचाही काढा नको.

आता मुलगा. तो पाषाणहृदयी नाही. व्हिडिओ कॉलवर त्याला चिमी कमी दिसते आणि थकलेली आई जास्त दिसते. त्याला सांगा, क्रिएटिनिन ३.६ म्हणजे आजाराच्या चारपैकी तिसरा टप्पा, आणि या टप्प्यावरची कितीतरी मांजरं नीट काळजी घेतली तर वर्ष, दोन वर्षं बऱ्यापैकी जगतात. खर्चाचाही आकडा त्याच्यापुढे ठेवा, लपवू नका. तुमच्या पेन्शनमधून महिन्याला किती जाऊ द्यायचं, हे आताच, शांत डोक्याने ठरवून ठेवा.

तुमचा शेवटचा प्रश्न खरा अवघड आहे. तुमच्यासाठी ठेवताय का? हो, थोडं तुमच्यासाठीही. यजमानांच्या पायाशी झोपलेली ती एकटीच आता घरात उरली आहे, ते मला पत्रातून कळलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, जोवर तिचे दिवस तिला बरे जाताहेत.

ते ओळखायला भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. रोज रात्री तीन गोष्टी आठवा: आपणहून खाल्लं का, स्वतःचं अंग चाटून साफ केलं का, तिच्या आवडत्या जागेवर आपल्या पायाने गेली का. तीनपैकी दोन झाल्या तर त्या तारखेवर निळा ठिपका, नाहीतर लाल. औषध, सलाईन सगळं चालू असतानाही आठवड्यात लाल ठिपके जास्त झाले, तोंडाला अमोनियासारखा वास यायला लागला, तोंडात फोड आले, ती कोपऱ्यात तोंड करून बसू लागली, तर डॉक्टरांना घरी बोलवा आणि दयामरणाबद्दल बोला. आधी झोपेचं इंजेक्शन द्यायला सांगा, ती गाढ झोपेल, मग दुसरं. तुमच्या मांडीवर होऊ शकतं.

आमचा बोका सतरा वर्षांचा होऊन याच आजाराने गेला. त्याचे लाल दिवस सुरू झाले होते आणि मला ते दिसत होते. पण रविवारी माझी बहीण येणार होती, तिने त्याला लहानपणी बाटलीने दूध पाजलं होतं, तिची भेट व्हावी म्हणून मी शुक्रवारचं सोमवारवर ढकललं. ते तीन दिवस त्याने फरशीवर मान टाकून काढले. बहीण आली तेव्हा त्याने डोळेही उघडले नाहीत. ते तीन दिवस माझ्यासाठी होते, त्याच्यासाठी नव्हते, आणि आजही आठवलं की पोटात तुटतं. म्हणून म्हणते, ठिपके प्रामाणिकपणे लावा. पण आजचं पत्र वाचून मला चिमीचे दिवस संपलेले दिसत नाहीत. जी मांजर चार वाजता धावत जाऊन खाटेखाली लपते, तिच्यात अजून पुष्कळ जीव आहे.

उद्या सलाईनचा दिवस नसेल तर एक करा. चारच्या सुमाराला हातात काही न घेता त्या खाटेजवळ जमिनीवर बसा. पेपर वाचा, मटार सोला, तिच्याकडे बघूही नका. असं आठ-दहा वेळा झालं की ती किती वाजता आणि किती जवळ येऊन बसते, ते मला लिहून कळवा.

तुमची,
स्तंभातली मावशी