तेलामुळे गाव एकदम वाढलं, तर तिथे मोठी दुकानं लगेच का उघडत नाहीत?

गिऱ्हाईक असतं हो, काम करायला माणूस मिळत नाही!

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातलं विलिस्टन बघा. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या १४,७१६, आणि २०२० मध्ये २९,१६०. तिथल्या बाकेन नावाच्या खडकाच्या थरातलं तेल काढायला देशभरातून माणसं आली, त्यात तरणे पुरुष जास्त. तिथलं वॉलमार्ट हे मोठं दुकान आधीपासून होतं, पण तेही अपुरं पडलं. माल फळ्यांवर लावायला माणसं कमी, म्हणून तो पॅलेटवरूनच, म्हणजे ज्या सपाट चौकटीवर रचून येतो तिच्यावरूनच, विकला जायचा. घरं नसल्यामुळे कित्येक कामगार दुकानाच्या पार्किंगमध्येच गाडीत झोपत. २०१२ मध्ये त्यांना तिथून हटवलं.

आता नवं दुकान काढणाऱ्याचा हिशोब करा. तेलविहिरीवर भरपूर पगार मिळत असताना गल्ल्यावर कोण उभं राहील? २०१४ मध्ये त्या वॉलमार्टमध्ये सुरुवातीचाच पगार तासाला १७ डॉलरच्या पुढे होता, आणि कायद्यातलं किमान वेतन होतं ७.२५. शिवाय पगार दिला तरी नोकरानं राहायचं कुठे? भाडी गगनाला भिडलेली.

त्यात भरवसा तेलाच्या भावाचा. २०१४ च्या मध्यावर पिंपाला १०० डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली आला. दुकान बांधून उभं राहीपर्यंत गिऱ्हाईकच गाव सोडून गेलं तर? म्हणून मोठ्या कंपन्या थोडं थांबून, अंदाज घेऊन येतात.